आकड्यांपूर्वी रकान्यांचा अर्थ लिहा

पीकनोंदींच्या जुन्या वह्या संगणकावर चढविण्याची घाई आज सर्वत्र दिसते. आकडे चढतात, त्यांचा अर्थ मात्र वहीतच राहतो. नेरळच्या एखाद्या शेताचे उत्पन्न '३० क्विंटल' असे लिहिले, तर ते भाताचे की तांदळाचे? शेतकरी भात मोजतो; सरकारी आकडेवारीत बहुधा तांदूळ धरतात. १०० किलो भातापासून सुमारे ६७ किलो तांदूळ मिळतो. म्हणजे एक शब्द न लिहिल्याने तृतीयांश पीक कागदावरून नाहीसे होते! पीकविम्याचे उंबरठा उत्पादन मागील वर्षांच्या आकड्यांवरूनच ठरते, हे शेतकरी बंधूंनी ध्यानात घ्यावे.

क्षेत्राचेही तसेच. गुंठा व आर जवळजवळ सारखे, म्हणून तेथील चूक खपून जाते. एकर व हेक्टर यांत अडीचपट अंतर आहे. जिल्ह्याचे नाव १९८१ पर्यंत कुलाबा होते. तसा खुलासा नसेल, तर यंत्र एका जिल्ह्याचे दोन करील.

यास्तव प्रत्येक रकान्याचा अर्थ, एकक, हंगाम व माहिती घेणाऱ्याचा हुद्दा सांगणारा कोश आधी तयार करावा. संगणकतज्ज्ञ त्यास डेटा डिक्शनरी म्हणतात. शून्य म्हणजे पीक घेतले नाही. रिकामा रकाना म्हणजे पाहणीच झाली नाही. राजनाल्याखालील उन्हाळी भाताच्या नोंदीत हा भेद अवश्य राखावा.

केवळ कार्यालयात बसून हा कोश होणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. 'वरकस' जमीन कोणती, हे वही लिहिणाऱ्या निवृत्त कर्मचाऱ्यांस व वृद्ध शेतकऱ्यांस विचारावे, आणि तेही याच हंगामात.