देवभाषा कोणाची?



संस्कृत नाटकात राजा संस्कृत बोलतो, शकुंतला मात्र प्राकृत. ही उतरंड विद्येच्या क्षेत्रातही टिकली. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी रमाबाईंना ‘सरस्वती’ म्हटले, तो अपवादच. नागपूरच्या कुमुद पावडे दलित कुटुंबातून संस्कृतात एम.ए. झाल्या, पण प्राध्यापकी मिळाली ती लग्नानंतर, सवर्ण आडनाव लागल्यावर. ‘अंतःस्फोट’मध्ये (१९८१) त्यांनीच हे लिहिले आहे.

वेसावे हा आपला कोळीवाडा. आगरी-कोळी लग्नांत धवलारीण बोलीतले धवले गाऊन विधी लावत आली आहे. बाई पुरोहित, तीही संस्कृतावाचून! मग भटजींचे मंत्रच तेवढे पवित्र का?

संस्कृत जरूर शिकू, ‘कन्यादान’ शब्दाला जाब विचारण्यासाठी. आणि धवलारणीचे धवले विद्या म्हणूनच जपू.