फरशी पोकळ वाजतेय? गप्प बसू नका!

मैत्रिणींनो, वास्तुशांत होते, पाहुणे पांगतात आणि मग घरातल्या बाईला फरशी कळायला लागते. रुपयाच्या नाण्याने टाइल ठोकली की पोकळ आवाज येतो, म्हणजे खाली माल नीट भरलेला नाही. बाथरूमचा ढाळ उलटा, पाणी जाळीकडे न जाता उंबऱ्याशी साचतं. बिल्डरला सांगावं तर तो म्हणतो, "वहिनी, नव्या घरात एवढं चालायचंच!" घरचेही म्हणतात, जाऊ दे.

का जाऊ द्यायचं? २०१६च्या रेरा कायद्याच्या कलम १४नुसार, ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत कामातला दोष दाखवून दिला, तर नोंदणीकृत प्रकल्पाच्या बिल्डरने तो ३० दिवसांत, जादा पैसा न घेता दुरुस्त करून द्यायचा असतो. नाहीतर भरपाई मागता येते. आपली चूक एकच, आपण सगळं तोंडी बोलतो. फोटो काढा, तारीख घालून पत्र द्या, पोच घ्या. स्वतःच्या जागेवर ठेकेदाराकडून घर बांधून घेतलं असेल, तर ग्राहक आयोग आहे. तिथे तक्रारीचं कारण घडल्यापासून मुदत २ वर्षांची.

फरशी रोज आपण पुसतो, मग बोलायचंही आपणच!