कुत्र्याला बुरशीची भाकरी आणि आपल्याला राखण फुकट?

मंडळी, भात पोटरीला आलंय, वरकसावरची नाचणी कणसावर येतेय आणि डोंगरातून रानडुकरं रोज रात्री खाली उतरतायत. बॅटऱ्या झाल्या, फटाके झाले, जुन्या साड्यांचं कुंपण झालं. खरी राखण करतो तो कुत्राच. आणि त्या राखणदाराला आपण देतो काय? कौतुक आलं की चहाबरोबरचं बिस्कीट, आणि एरवी घरात जे माणसाच्या तोंडी लागत नाही ते. या दोन्ही सवयींविरुद्ध आज लिहितोय. कुणाला राग आला तर येऊ दे.

आधी माझी चूक सांगतो. गेल्या वर्षी श्रावणात मक्याच्या भरड्याचं पोतं भिजलं. वर हिरवट-काळी बुरशी धरली. टाकायला जीव होईना. कोंबड्यांना नको म्हणून बाजूला काढला आणि पेज करून आठवडाभर काळूला घातला. पंधरा दिवसांत त्याचे डोळे पिवळे झाले, खाणं सुटलं. डॉक्टर म्हणाले, पावसाळ्यात अशी कावीळ लेप्टोनेही होते, तपासणी केल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही. पण त्यांचा पहिला प्रश्न होता, "खायला काय घातलंत?" उत्तर देताना माझी मान वर होईना. नवव्या दिवशी काळू गेला. त्या हंगामात डुकरांनी माझी अर्धी नाचणी लोळवली.

बुरशीचं हे काही माझ्या मनाचं नाही. १९७४ साली राजस्थान-गुजरातच्या सीमेवर, बांसवाडा आणि पंचमहाल भागातल्या आदिवासी गावांत बुरशी लागलेला मका खाऊन काविळीची साथ आली. शंभरावर माणसं दगावली, आणि त्याच घरांतलं अन्न खाणारी कुत्रीही मेली. विषाचं नाव अफलाटॉक्सिन. ते यकृतावर जातं, आणि शिजवून-भाजून पुरतं जात नाही. कोकणातला दमट पावसाळा म्हणजे बुरशीला माहेरघर. तेव्हा 'टाक कुत्र्याला' हा शब्द घरातून काढा. जे कोंबडीला चालत नाही ते कुत्र्याला कसं चालेल?

आता बिस्कीट. पुड्याची मागची बाजू वाचा: मैदा, साखर, पामतेल. कित्येक पुड्यांवर शंभर ग्रॅमला वीस ग्रॅमच्या वर साखर छापलेली असते. ते प्रेम नव्हे, आळस आहे. त्यातून क्रीमचं, चॉकलेटचं बिस्कीट तर नकोच. चॉकलेट कुत्र्याला विषारी आहे. कांदा-लसूण, मनुका-द्राक्षंही तशीच.

काहीजण म्हणतील, "पूर्वी कुठे कोण कुत्र्यासाठी वेगळं रांधायचं?" बरोबर. कारण पूर्वी घरात रोज नाचणीची भाकरी होती आणि तिचा ताजा तुकडा कुत्र्याचा असायचा. आज वरकस ओसाड आणि भाकरी गेली, म्हणून बिस्कीट आलं. २०२३ ला जगभर भरडधान्य वर्ष साजरं झालं, फलक लागले. पण गावागावातली किती वरकसं परत नाचणीखाली आली?

मध्ये पुतण्या पुण्याहून आला तो कुत्र्याच्या खाऊची पुडी घेऊन. "काका, हेल्दी असतं हे." मागे वाचलं तर पहिलं नाव नाचणीचं! म्हटलं, "बाळा, हे तुझ्या आज्याच्या वरकसातलं पीक आहे." २०२५-२६ चा नाचणीचा हमीभाव क्विंटलला ४,८८६ रुपये, म्हणजे किलोला ४९ सुद्धा नाही. पुडीवरचा भाव किलोवर काढला तर त्याच्या कित्येक पट. आपण धान्य विकायचं आणि त्याचंच बिस्कीट विकत घ्यायचं, हे गणित कुठलं?

आमच्या घरी करतात ते सांगतो. नाचणीचं पीठ दोन वाट्या, उकडून कुस्करलेलं रताळं किंवा लाल भोपळा अर्धी वाटी, एक अंडं. मूठभर जवळा असेल तर आधी दोन-तीन पाण्यांनी धुऊन मीठ घालवायचं, मग भाजून कुटून घालायचा. वरून मीठ, साखर, मसाला काही नाही. घट्ट मळून जाड लाटायचं, सुपारीएवढे तुकडे कापायचे. तव्यावर मंद आचेवर दोन्हीकडून भाजायचे, मग चुलीच्या उबेला कडक होईस्तोवर ठेवायचे. मोडताना कट्कन आवाज आला पाहिजे. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका. पावसाळ्यात चार-पाच दिवसांपुरतेच करा. वास बदलला की खड्ड्यात पुरा, कुत्र्याला नको.

नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तांदळात त्याच्या पासंगालाही नाही. तरी हा खाऊ आहे, जेवण नव्हे. दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त देऊ नये. आणि फुकट देऊ नये, कामाला द्यावा. हाक मारल्यावर आला, एक तुकडा. गोचीड काढताना गप्प बसला, एक तुकडा. असा हाताला आलेला कुत्रा रेबीजच्या लसीला धरता येतो, आणि ती लस दरवर्षी द्यायचीच आहे.

आपल्या तालुक्यात रायगडावर वाघ्याचा पुतळा आहे. २०२५ मध्ये त्यावरून राज्यभर वाद पेटला. त्या वादात मी पडत नाही. एवढंच म्हणतो, दगडातल्या कुत्र्यावर बोलायला सगळ्यांना वेळ आहे, पडवीतल्या जित्या कुत्र्यापुढे काय पडतंय ते बघायला नाही.

राखणदाराला मजुरी द्यायची असते, आणि कुत्र्याची मजुरी म्हणजे धड अन्न. पुढच्या पावसात वरकसाचे दोन गुंठे तरी नाचणीला ठेवा. घरालाही होईल, त्यालाही. आमचा नवा मोती अजून पोर आहे, पण काल रात्री डुकरांवर भुंकला. सकाळी त्याला दोन तुकडे जास्त दिले.