टाके निघाले म्हणजे डोकं बरं झालं असं नाही

पंधरा-सोळा वर्षांचं पोर गाडीवरून पडतं. डोक्याला मार लागतो. आयसीयूतले दिवस सरतात, शुद्ध येते, टाके निघतात आणि डिस्चार्जचा कागद हातात पडतो. घरात पेढे येतात. मग आठवडाभरात आई-बापांच्या लक्षात येतं की मुलगा घरी आलाय, पण पहिल्यासारखा नाही. चहा गार झाला म्हणून कप फेकतो. दुपारभर झोपतो. सकाळी सांगितलेलं संध्याकाळी आठवत नाही.

अशा घरांसाठी हे लिहिते आहे. कातडी आठ-दहा दिवसांत जुळते. मेंदूला महिने लागतात, कधी वर्षं लागतात. आधी हे सगळ्या घराने मनाशी पक्कं करा.

आता धोक्याच्या खुणा. मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावा, म्हणजे आजीलाही वाचता येतील. डोकेदुखी वाढत जाते. पुन्हा पुन्हा उलटी होते. हलवूनही नीट जाग येत नाही. डोळ्यांतली एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसते. नाकातून किंवा कानातून पाणी झिरपतं. बोलणं अडखळतं, एका बाजूचा हात-पाय ढिला पडतो, ताप चढतो. यातलं एकही दिसलं तर सकाळ व्हायची वाट पाहू नका. 108 ला फोन करा.

फिट आली तर त्याला कुशीवर वळवा आणि डोक्याखाली काहीतरी मऊ सरकवा. तोंडात चमचा घालू नका, पाणी ओतू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. हातपाय दाबून धरू नका. घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही, लागोपाठ दुसरी आली किंवा आयुष्यातली पहिलीच असेल, तर थेट रुग्णालय गाठा. फिटच्या गोळ्या चालू असतील तर ‘आता बरा आहे’ म्हणून आपल्या मनाने बंद करू नका. अचानक बंद केल्यानेच कितीतरी मुलांना पुन्हा फिट येते.

काही मुलांच्या कवटीचा तुकडा ऑपरेशनमध्ये काढून ठेवलेला असतो, पुष्कळदा पोटाच्या कातडीखाली. त्या जागी मेंदूवर फक्त कातडी असते. त्या बाजूवर झोपवू नका. उठता-चालताना डोक्याला संरक्षण हवं, ते कसं द्यायचं हे डॉक्टरांना विचारा. आणि प्रेमाने डोक्यावरून हात फिरवणाऱ्या पाहुण्यांना आधीच सांगा.

मूल अजून अंथरुणावरच असेल तर दर दोन तासांनी कूस बदला, रात्रीसुद्धा. माकडहाड, खुबे, टाचा रोज उजेडात बघा. लाल झालेली जागा तशीच राहिली तर त्यावर पुन्हा भार नको. नाकातली नळी असेल तर भरवण्याआधी तिच्यावरची खूण पाहा. ती सरकली असेल तर थेंबही घालू नका. भरवताना डोक्याची बाजू उंच ठेवा, नंतरही निदान अर्धा तास आडवं करू नका. तोंडाने द्यायला मनाई असेल तर ती पाळा. लेकरू तहानलं म्हणून मायेने दिलेला घोट फुफ्फुसात जातो आणि न्यूमोनिया होतो.

एक गोष्ट विसरली जाते. हे तान्हं बाळ नाही. त्याला लाज आहे. अंग पुसताना दार लावा, अंगावर चादर असू द्या, काय करताय ते सांगून करा. मुलगी असेल तर पाळीचे दिवस लक्षात ठेवा, ती सांगू शकत नसेल. त्याच्या उशाशी उभं राहून ‘याचं पुढं कसं होणार’ असं बोलू नका. ऐकू येत असतं.

आता रागाबद्दल. घरं इथेच मोडून पडतात. राग आवरणारा मेंदूचा भाग कपाळामागे असतो. या वयात तो अजून तयार होत असतो, पंचविशीपर्यंत होत राहतो. त्यावरच मार बसला तर शिव्या निघतात, वस्तू फेकल्या जातात. हा माज नाही. हे दुखणं आहे. अशा वेळी टीव्ही बंद करा. एकानेच बोला, तेही हळू आणि थोडं. बाकीच्यांनी खोलीबाहेर जा. वाद घालू नका. ‘तू आधी असा नव्हतास’ हे वाक्य तर घरातून काढूनच टाका, ते त्याला माहीत आहे. शांत झाल्यावर दोन वाक्यांत चूक सांगा आणि विषय संपवा. हात कधीच उगारू नका. देवाला नवस बोला, अंगारा लावा, पण कोणी बाधा म्हणून उपाशी ठेवायला किंवा गोळ्या थांबवायला सांगितलं तर ते मुळीच ऐकू नका.

राग बहुतेकदा थकव्यातून येतो. म्हणून पाहुणे एका वेळी एक-दोनच, तेही दहा मिनिटं. मोबाइल कमी. रोजचं जेवण, झोप ठरल्या वेळी. भिंतीवर कॅलेंडर आणि हाताशी वही ठेवा, विसरलेलं त्यालाच वाचू द्या.

शाळा हळूहळू सुरू करा, आधी तास-दोन तास. मुख्याध्यापकांना सगळं मोकळेपणाने सांगा. दहावी-बारावी असेल तर जादा वेळ आणि लेखनिकासाठी डॉक्टरांचा दाखला घेऊन लवकर अर्ज करा. तो गप्प राहू लागला, जगून काय उपयोग म्हणाला, तर समजूत घालून सोडून देऊ नका. डॉक्टरांना सांगा, 14416 या टेली-मानस मानसिक आरोग्य हेल्पलाइनवरही बोलता येतं.

आणि आईची झोप. रात्रीची पाळी वडील, काका, मोठी बहीण यांनी वाटून घ्या. एकटी बाई हे महिनोन्महिने ओढू शकत नाही.

शेवटचं, गाडी. मेंदू भरून येण्याआधी बसलेला दुसरा फटका जिवावर बेततो. डॉक्टर हो म्हणेपर्यंत गाडी नको, क्रिकेट नको, कबड्डी नको. तसंही गिअरची गाडी अठरा पूर्ण झाल्याशिवाय चालवता येत नाही. 2019 पासून अल्पवयीन मुलाने गाडीवर गुन्हा केला तर पालकांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो. चावी तुमच्याकडे ठेवा. धाकट्याच्याही हाती देऊ नका.