फंकचा ठेका आणि पुस्तकाची निवड

फंक ड्रमवादनात एकेका मात्रेचे चार भाग पडतात. हाय-हॅटवर बहुतेक वेळा ही चौगुण चालू असते, स्नेअरवर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला ठळक आघात येतो, आणि मधल्या फटींमध्ये त्याच स्नेअरवर अगदी दबके ठोके पडत राहतात. या ठोक्यांना घोस्ट नोट म्हणतात. बास ड्रम या सगळ्याखालून बास गिटारशी संवाद साधत असतो. जेम्स ब्राउनच्या १९६७ मधल्या 'कोल्ड स्वेट' या गाण्यात ड्रमवादक क्लाइड स्टबलफील्डने पहिल्या आवर्तनातला चौथ्या मात्रेवरचा आघात अर्ध्या मात्रेने पुढे ढकलला. ऐकणारा ज्या जागी ठोक्याची वाट पाहतो ती जागा रिकामी जाते आणि ठोका तिच्या पाठोपाठ येतो. असे वादन शिकवणारे पुस्तक निवडायचे, तर पुस्तकांविषयीचे दोन-तीन रूढ समज आधी तपासावे लागतात.

पहिला समज असा की, फंक पुस्तकातून येतच नाही. याचा पुरावा म्हणून स्टबलफील्डचेच नाव पुढे केले जाते. त्याला स्वरलिपी वाचता येत नव्हती. टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा गावात, कारखान्यांचे आणि आगगाड्यांचे आवाज ऐकत त्याचे हात तयार झाले. साक्ष खरी आहे, पण तिच्यातून काढलेला निष्कर्ष टिकत नाही. स्टबलफील्ड तो ठेका दुसऱ्याकडून शिकत नव्हता, तो स्वतः घडवत होता. तेही जेम्स ब्राउनसारख्या कडक म्होरक्याच्या वाद्यवृंदात, जॅबो स्टार्क्ससारखा दुसरा ड्रमवादक शेजारी असताना. बंद खोलीत सराव करणाऱ्या विद्यार्थ्याजवळ यातले काहीच नसते. त्याच्याजवळ असते ते ध्वनिमुद्रण, आणि त्यात गिटार व ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या आवाजाखाली घोस्ट नोट पार बुडून गेलेल्या असतात. पानावर ती जागा दिसली की कानाला कुठे लक्ष द्यायचे ते कळते. शिवाय पुढच्या पिढीचा दाखला उलटाच आहे. 'टॉवर ऑफ पॉवर' या बँडचा डेव्हिड गॅरिबाल्डी वाचता येणारा वादक होता. जेम्स ब्राउनच्या ड्रमवादकांचे काम पचवून त्याने स्वतःची शैली उभी केली आणि १९९० मध्ये ती पुस्तकातही मांडली.

तरीही या समजात एक कण खरा आहे. लिपी दोन ठिकाणी तोकडी पडते. पानावरच्या सगळ्या घोस्ट नोट कंसात एकसारख्या दिसतात; प्रत्यक्षात त्यातली एखादी नुसती कुजबुज असते, तर दुसरी जवळजवळ आघात. दुसरी अडचण झोलाची. 'द मीटर्स' या बँडच्या झिगाबू मॉडेलिस्टचे न्यू ऑर्लिन्सचे वादन सरळ चौगुण आणि तिगुण यांच्या मधल्या जागेत डुलते. ती जागा लिहायला कोणतीही खूण पुरत नाही. म्हणून जे पुस्तक ऐकायला कोणते गाणे घ्यावे हेच सांगत नाही, ते कितीही नेटके छापलेले असले तरी अर्धेच आहे.

दुसरा समज जाडीचा: जितके ठेके जास्त, तितके पुस्तक मोलाचे. हिशेब करून पाहावा. चार मात्रांच्या आवर्तनात सोळा जागा असतात. बास ड्रम प्रत्येक जागी वाजेल किंवा वाजणार नाही, एवढेच धरले तरी ६५,५३६ मांडण्या होतात. यातल्या हजार उचलून पाने भरायला फंक कळावेच लागते असे नाही. त्यातल्या बहुसंख्य मांडण्या कोणत्याही गाण्यात कधी वाजणार नाहीत, आणि ज्या वाजतात त्या कशामुळे वाजतात हे असली पुस्तके सांगत नाहीत.

जॉर्ज लॉरेन्स स्टोनचे 'स्टिक कंट्रोल' आणि टेड रीडचे 'सिंकोपेशन' ही दोन झाली की पुरे, असेही म्हटले जाते. पहिले १९३५ चे, दुसरे १९५८ चे. हात आणि वाचन सुधारायला दोन्ही चांगली. पण फंक जन्मण्याआधीच्या पुस्तकांकडून फंकची अपेक्षा करणे त्यांच्यावरच अन्याय आहे.

मग निवडावे काय? ॲलन स्लट्स्की आणि चक सिल्व्हरमन यांचे 'द फंकमास्टर्स' (१९९७) आधी घ्यावे. जेम्स ब्राउनच्या १९६० ते १९७३ मधल्या गाण्यांचे ड्रम, बास आणि गिटार यात एकत्र उतरवलेले आहेत. ही मांडणी फार मोलाची. बास ड्रमचा एखादा ठोका तिथेच का आहे, हे वरच्या बासच्या ओळीकडे पाहिल्यावर उमगते. एकटा ड्रम छापणाऱ्या पुस्तकात तो ठोका लेखकाची लहर वाटतो.

गॅरिबाल्डीचे 'फ्यूचर साउंड्स' लिपीच्या पहिल्या उणिवेवरच बोट ठेवते. त्याची सुरुवातच आवाजाच्या दोन पातळ्यांपासून होते: आघाताला काठी उंच, बाकीच्या ठोक्यांना कातड्याच्या अगदी लगत, हाय-हॅटवर आघात काठीच्या खांद्याने कडेवर, इतर ठोके टोकाने वरच्या पृष्ठावर. नवख्याचा फंक गोंगाटासारखा वाटतो तो बहुधा ठेका चुकल्यामुळे नव्हे, तर दबका ठोका चढा पडल्यामुळे. पुढे एकच ठेका सोळाव्या भागाने सरकवत नेण्याचे सराव येतात, तेव्हा 'कोल्ड स्वेट'मधली ती हुलकावणी हाताला उलगडू लागते.

गॅरी चेस्टरचे 'द न्यू ब्रीड' (१९८५) हातापायांच्या स्वातंत्र्यासाठी उत्तम. वाजवता वाजवता एखादा भाग तोंडाने म्हणायला लावण्याची त्याची रीत कडक आहे आणि गुणकारीही. मात्र ते फंकचे पुस्तक नाही. सुरुवातीलाच हाती घेतले तर विद्यार्थी कसरतपटू होण्याचा धोका अधिक.

क्रम सर्वांना सारखा असायचे कारण नाही. बँडमध्ये वाजवणाऱ्याला 'द फंकमास्टर्स' लगेच उपयोगी पडते. ज्याच्या घोस्ट नोट आणि आघात एकाच उंचीचे ऐकू येतात, त्याने आधी गॅरिबाल्डीची सुरुवातीची पानेच संथ लयीत घोटावीत आणि सोबत १९६९ मध्ये मुद्रित झालेले जेम्स ब्राउनचे 'फंकी ड्रमर' हे गाणे ऐकावे. त्यातल्या ज्या तुकड्यात बाकीची वाद्ये थांबतात, तिथे स्नेअरवरचे दबके ठोके स्वच्छ सापडतात.