खोक्यावरचा वेग

दोस्तांनो, डोंबिवलीच्या दुकानातून जुन्या कॉम्प्युटरसाठी स्वस्तातली एसएसडी आणलीत, की खोक्यावर ‘सेकंदाला 500 एमबी’ असं काहीतरी दिसतं. खोटं नसतं हं ते, पण अर्धंच असतं!

स्वस्त चिपच्या एकेका कप्प्यात चार-चार बिट ठासतात. त्यासाठी व्होल्टेजच्या 16 पायऱ्या अचूक साधाव्या लागतात, म्हणून वेळ लागतो. मग एसएसडी काय करते? आधी कप्प्यात एकेकच बिट भराभर लिहिते आणि निवांतपणी नीट लावते. आपण नाही का, वर्गात कच्च्या वहीत खरडतो अन् घरी पक्क्या वहीत उतरवतो! पण कच्ची वही भरली आणि बाई सांगतच राहिल्या तर?

सॅमसंगची 2020 सालची 870 क्यूव्हीओ घ्या. 1 टीबीच्या एसएसडीबद्दल कंपनीच सांगते: पहिले 42 जीबी 530 एमबीच्या वेगाने, पुढे फक्त 80!

म्हणजे 1 जीबीच्या चाचणीत सगळ्याच पास. त्यापेक्षा दुसऱ्या एसएसडीवरून (पेनड्राइव्हवरून नको, तोच रेंगाळेल) 60 जीबीचे व्हिडिओ सलग कॉपी करा आणि आलेख कुठे घसरतो ते टिपून ठेवा.

शाळेच्या प्रकल्पांना अशी एसएसडी खुशाल चालेल. ताईच्या लग्नाचं सगळं शूटिंग भरायचं असेल, तर मात्र आईबाबांना थोडे जास्त पैसे घालायला सांगा.