धाकटी नौका कीं थोरली?

कऱ्हाडालगतच्या मलकापुराहून एका वाचक गृहस्थांचें पत्र गेल्या महिन्यांत आम्हांस आलें. घर एकत्र, तीन भाऊ, त्यांच्या मातोश्री, सुना व मुलें मिळून चौदा माणसें. धाकटे बंधु कांहीं वर्षें समुद्राकांठीं नोकरीस होते. त्यांच्या आग्रहावरून घरानें एक मोटारनौका घेण्याचें ठरविलें असून ती दाभोळच्या खाडींत ठेवावयाची आहे. दोन नौका पाहून झाल्या आहेत. एक २४ फुटांची, पुढच्या बाजूस लहानसा आडोसा असलेली; दुसरी ३६ फुटांची, आंत निजावयास खोली, स्वयंपाकाचा ओटा व शौचकूप असलेली. "थोरली घेतली तर सारें घर एकदम जाईल, धाकटी घेतली तर कोणाला तरी मागें ठेवावें लागेल," असा पेंच त्यांनीं आमच्यापुढें टाकला आहे.

घांटावरच्या गांवानें समुद्राची हौस करावी हें कित्येकांस चमत्कारिक वाटेल. पण कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळणारी कोयना स्वतःच आतां दोहों दिशांस वाहते. कोयना प्रकल्प १९६० नंतरच्या दशकांत उभा राहिला, तेव्हांपासून धरणाचें पुष्कळसें पाणी बोगद्यांतून सह्याद्रीखालीं पोफळीकडे उतरतें, वीज निर्माण करून वाशिष्ठी नदीस मिळतें आणि चिपळुणावरून दाभोळच्या खाडीनें समुद्रास जातें. पाटण, कोयनानगर व कुंभार्ली घांट या वाटेनें माणसांनींही त्याच पाण्याच्या मागोमाग जावें, यांत नवल तें काय?

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. ३६ फूट म्हणजे २४ फुटांच्या दीडपट, म्हणून नौकाही दीडपट मोठी, असा समज होणें स्वाभाविक आहे. तो खरा नाहीं. लांबी दीडपट झाली कीं रुंदी व खोलीही त्याच प्रमाणांत वाढतात आणि वजन सुमारें ३.४ पट होतें. धाकटी दोन टनांची धरली, तर थोरली पावणेसात टनांच्या घरांत जाते. नांगर, दोरखंड, एंजिन, रंग, दुरुस्ती हा सारा खर्च लांबीच्या नव्हे, तर या वजनाच्या मागें धांवतो. विकणारा फूट सांगतो. घेणाऱ्यानें टन मोजावे.

थोरलीच्या बाजूनें बोलण्यासारखें पुष्कळ आहे, आणि तें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. जड नौका लाटेवर कमी हिंदकळते. दहा माणसें बसलीं म्हणजे सुमारें सहाशें किलो भार झाला. दोन टनांच्या नौकेस तो तीस टक्के होतो, पावणेसात टनांच्या नौकेस नऊ टक्केच. म्हणून थोरलींत माणसें इकडून तिकडे गेलीं तरी तिचा तोल सहसा ढळत नाहीं. धाकटींत दोघे एकदम एका अंगास उठून गेले तर ती तात्काळ कलते. शिवाय वृद्ध मातोश्री व लहान मुलें बरोबर असतांना सावली आणि शौचकूप यांची गरज हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. पुरुषांच्या चर्चेंत हा मुद्दा बहुधा शेवटीं येतो. घरांतील स्त्रियांस विचारलें असतां तो पहिला येईल.

परंतु खर्चाचें पारडें पाहा. पाणी कापीत जाणाऱ्या नौकेचा किफायतशीर वेग तिच्या पाण्यांतील लांबीवर ठरतो. ही लांबी २५ फूट असेल तर तो तासाला सुमारें ६.७ सागरी मैल, ३६ फूट असेल तर सुमारें ८. त्याहून वेगानें जावयाचें तर नौकेस पाण्यावर उचलून धरावें लागतें आणि तेथें वजनाची किंमत मोजावी लागते. डिझेल एंजिन दर पांच अश्वशक्तींमागें तासाला अदमासें एक लिटर तेल खातें. चाळीस अश्वशक्तीनें चालणाऱ्या नौकेस तासाला आठ लिटर पुरतात. पावणेसात टनांची नौका वेगानें पळवावयास दोनशें अश्वशक्ति लागली तर चाळीस लिटर जातात. थोरली सावकाश हांकली तर काटकसर होते हें खरें; पण मग तिच्या मोठ्या एंजिनांचा पैसा कशासाठीं मोजावयाचा?

दुसरी गोष्ट पावसाळ्याची. आषाढ-श्रावणांत कोंकणांतील कोळी बांधव आपल्या होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवतात. जून-जुलैंत तर यांत्रिक मासेमारीस बंदीच असते. हौशी नौकेनेंही तोच शहाणपणा शिकला पाहिजे. धाकटी सुमारें आठ फूट रुंद. ती चाकांच्या गाड्यावर चढवून, योग्य मोटारीमागें जोडून, कुंभार्ली घांटानें मलकापुरास घराच्या आवारांत आणतां येईल आणि चार महिने तिची डागडुजी घरींच होईल. थोरली बाराएक फूट रुंद. रस्त्यावरून तिला नेणें म्हणजे खास परवानगीचें काम. ती खालींच क्रेननें उचलून, जागेचें भाडें भरून, दुसऱ्याच्या नजरेखालीं ठेवावी लागेल. खाडींतील वाळूच्या दांड्यांवर ओहोटीला पाणी उथळ होतें, तेथेंही कमी पाण्यावर तरंगणारी नौका सोयीची.

तिसरी गोष्ट हातांची. धक्क्याला लागतांना वारा आणि ओढ उलट असली तर धाकटीस दोन जाणती माणसें आवरतात. थोरलीच्या उंच भिंतींवर वारा शिडासारखा भरतो. तेथें सुकाणूंवर एक आणि दोरांवर दोघेतिघे हवेत. या घरांत नौका जाणणारे एकच गृहस्थ आहेत. म्हणजे तांडेल व खलाशी पगारी ठेवणें आलें. त्यांत कमीपणा मुळींच नाहीं. पण त्यांचा पगार बारा महिन्यांचा आणि आपलें जाणें किती दिवसांचें? शाळा, परीक्षा, लग्नकार्यें, श्राद्धपक्ष वजा जातां, घांट उतरून येणाऱ्या कुटुंबास वर्षांतून पंधरा-वीस दिवस मिळाले तरी पुष्कळ झाले. उरलेले दिवस नौका खात बसणार. नौका किती माणसें बसवील याआधीं ती आपल्या घरचे किती हात चालवूं शकतील, हें पाहावें, असें आमचें मत आहे.

या सर्व विचारान्तीं आमचा कौल धाकटीच्या बाजूनें आहे. मात्र तो देतांना आम्हांस भीति वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. एकत्र कुटुंबांत "तूं थांब" असें म्हणणें कठीण असतें. पंक्तींत पान वाढवितां येतें, बैलगाडींत सरकून जागा करितां येते. तीच संवय माणूस धक्क्यावर घेऊन येतो. "एवढें एक पोर, त्याचा काय भार?" असें म्हणून आठांचे अकरा होतात. धाकट्या नौकेचा खरा धोका तिच्या आकारांत नाहीं, आपल्या भिडेंत आहे.

आणि मोठेपणानें ही भीड माफ होते असेंही नाहीं. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' ही आगबोट भर पावसाळ्यांत खवळलेल्या समुद्रांत उलटली व सहाशेंहून अधिक माणसें दगावलीं. ती कांहीं होडी नव्हती. १८ डिसेंबर २०२४ रोजीं गेट-वे वरून घारापुरीकडे जाणाऱ्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान नौका आदळली. अपघाताचें कारण ती धडक हें होतें, तथापि बोटीवर परवान्याहून अधिक माणसें असल्याचें पुढें आलें आणि त्यानंतर तेथील प्रवाशांस जीवरक्षक जाकीट घालणें सक्तीचें झालें. प्रत्येक नौकेस, लहान असो वा मोठी, एक आंकडा असतो. त्या आंकड्यापलीकडे तिच्याशीं नातें सांगतां येत नाहीं.

म्हणून मलकापूरकर मंडळींस आमच्या सूचना अशा. नौका घेण्यापूर्वीं तिची नोंदणी, पाहणी व विमा यांची चौकशी महाराष्ट्र सागरी मंडळाच्या कचेरींत करावी. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आला आहे, तेव्हां जुन्या माहितीवर विसंबूं नये. पाहणींत ठरेल तो माणसांचा आंकडा नौकेवर ठळक रंगवावा आणि जाकिटें बरोबर तितकींच, मुलांचीं मुलांच्या मापाचीं, घ्यावींत. जाकीट नाहीं त्याला जागा नाहीं. तेलाचे तीन भाग करावे: एक जावयास, एक यावयास, एक अडचणीस. वल्हीं व नांगर नेहमीं बरोबर असावींत. कोण जाणार हें घरीं, आदल्या रात्रीं ठरवावें. धक्क्यावर ठरवूं नये. "नाहीं" म्हणण्याचा अधिकार घरांतील एका व्यक्तीकडे असावा, आणि तो वडील सुनेकडे दिल्यास आम्हांस अधिक भरंवसा वाटेल. माणसें जास्त झालीं तर प्रथम थोरल्या बंधूंनीं आपण होऊन मागें राहावें. वडिलांनीं जागा सोडली म्हणजे धाकट्यांस थांबण्यांत अपमान वाटत नाहीं.

आणि सारें घर एकत्र पाण्यावर जावें ही मातोश्रींची इच्छा? ती अवश्य पुरवावी. वर्षांतून एक दिवस अनुभवी तांडेलासह मोठी परवानाधारक नौका भाड्यानें घ्यावी, चौदाही जणांनीं जावें, डबे न्यावेत. एका दिवसाच्या समाधानासाठीं तीनशेंचौसष्ट दिवसांचा बोजा विकत घेण्याचें कारण नाहीं. पावसाळा सरून समुद्र निवळेपर्यंत धाकट्या बंधूंनीं आपल्या दोघां वडील भावांस व पुतण्यांस दोराच्या गांठी शिकवाव्या; नौका खाडींत उतरेल त्या दिवशीं जाणते हात एकाचे चार झालेले असावे.